भरती ओसरेपर्यंत

मुंबई तुंबणार की नाही, हे पाऊस किती पडला एवढ्यावरून ठरत नाही. तो भरतीच्या वेळी पडला की ओहोटीच्या, यावर बरेच काही अवलंबून असते. समुद्राला साधारण दर बारा तास पंचवीस मिनिटांनी भरती येते. शहरातले पावसाचे पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणाऱ्या बहुतेक नाल्यांची तोंडे या भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की ती तोंडे बुडतात, दारे असतील तिथे ती मिटावी लागतात, आणि वरून पडणाऱ्या पाण्याला पुढचे काही तास वाट उरत नाही. त्या तासांत पाण्याने कुठे थांबायचे, हा या शहराचा सर्वांत जुना प्रश्न आहे. पाणी मुरवणाऱ्या बागा, मुद्दाम खोलगट ठेवलेली मैदाने, तळी, ओढ्याकाठच्या मोकळ्या पट्ट्या अशा हरित पर्जन्यव्यवस्थेची चर्चा आता जगभर चालते, पण आपल्याकडे तिची गणना बहुधा सुशोभीकरणात होते. मुंबईचा इतिहास वेगळे सांगतो. पाण्याला थांबायला जागा देणारी व्यवस्था या शहरापाशी होती, ती आपले काम करत होती, आणि ती बुजवताना तिच्या या कामाची किंमत कोणीही हिशेबात धरली नाही.

भरती-ओहोटीशी जुळवून घेण्याची विद्या कोकण किनाऱ्याला बाहेरून आलेली नाही. रायगडच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी खाडीला बांध घालून खाजणात भातशेती उभी केली आणि बांधात उघाड्या ठेवल्या. उघाडीचे दार असे बसवलेले असते की भरतीच्या पाण्याचा बाहेरून दाब आला की ते आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. गोव्याच्या खाजनांत हेच काम मानस करते. तिथे बांधांची आणि मानशींची देखभाल ही गावाच्या सामूहिक संस्थांची जबाबदारी होती, एकेकट्या शेतकऱ्याची नव्हे. पण बांध आणि दार एवढ्याने भागत नाही. दार मिटलेले असताना डोंगरावरून पाणी उतरतच असते. ते साठायला बांधाच्या आत सखल जागा राखावी लागते, आणि खाजणात ती राखलेली असते. काही तास शेतात पाणी चढते, ओहोटीबरोबर उतरते, भात उभाच राहतो. खाजणातला माणूस या सखल जागेला पडीक म्हणत नाही. ती बुजवली तर बांध समुद्र अडवील, पण गाव पावसाने बुडेल, हे त्याला ठाऊक असते. मुंबईच्या कारभाऱ्यांनी बांध घेतला, दारे घेतली आणि ही तिसरी गोष्ट सोडून दिली.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून समुद्र पार भायखळ्यापर्यंत आत शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या नावाने ओळखला जाणारा बांध १७८४च्या सुमारास पुरा झाला आणि हे शिरणे थांबले. बांधाआड जी विस्तीर्ण सखल जमीन उघडी पडली, तिला इंग्रजी कागदपत्रांत आणि नकाशांत ‘फ्लॅट्स’ म्हटले आहे. ती भरतीच्या पातळीच्या खाली होती. समुद्र येणे बंद झाले, तरी पाऊस येतच होता: मलबार टेकडीच्या उतारावरून, गिरगावातून, माझगावच्या बाजूने. शहराचा मुख्य नालाही इकडेच वळवलेला होता आणि वरळीला लव्हग्रोव्हपाशी असलेली त्याची दारे ओहोटीला उघडत. पावसाळ्यात फ्लॅट्सवर पाणी चढे, दारे उघडली की उतरे. रचनेच्या दृष्टीने हे एक प्रचंड खाजणच होते. फरक इतकाच की त्यात पावसाच्या पाण्याबरोबर शहराची घाणही येऊन पडे, कारण दोन्हींना एकच नाला होता. हेन्री कॉनीबेअर यांनी १८५२ मध्ये मुंबईच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल दिला, त्यात या निचऱ्याच्या दुरवस्थेला मोठी जागा आहे. दुर्गंधी खरी होती, रोगराई खरी होती. मात्र दोष सखल जमिनीचा की तिच्यात सोडलेल्या मैल्याचा, हा भेद पुढच्या कारभारात टिकला नाही. फ्लॅट्स म्हणजे दलदल आणि दलदल म्हणजे भर घालण्याची जागा, असे समीकरण बसले. शहराचा केरकचरा आणि माती टाकून ती हळूहळू भरत गेली, तिच्यावर रस्ते आणि वस्त्या झाल्या. कामाठीपुऱ्याचा परिसर असाच या सखल जमिनीवर उभा राहिला.

फ्लॅट्सच्या दक्षिणेला, दाट वस्तीत, हेच काम लहान प्रमाणावर तळी करत. धोबी तलाव, गोवालिया तळे, सी. पी. टँक म्हणून ओळखले जाणारे कावसजी पटेल यांचे तळे, खारा तलाव, बाबुला टँक, नवाब टँक ही नावे आजही बसच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी आहेत, पाणी मात्र कुठेच नाही. यांतली काही तळी दानातून झाली. कावसजी पटेलांनी आपले तळे अठराव्या शतकात बांधले, तर फ्रामजी कावसजी यांनी १८३०च्या दशकात धोबी तलावाच्या पुनर्बांधणीला मोठी रक्कम दिली. शेजारी गिरगाव, दादर, माहीमच्या वाड्या होत्या, नारळी-पोफळीच्या, जागोजाग विहिरी असलेल्या. किनाऱ्याची रेताड जमीन पाऊस शोषून घेई आणि विहिरी तो वर्षभर उपसत. ही तळी पूर थोपवायला खोदली होती, असा दावा मी करत नाही. ती पिण्याच्या आणि धुण्याच्या पाण्यासाठी होती, गोवालिया तर गुरांसाठी. तरीही उन्हाळ्यात आटलेले तळे म्हणजे मृगाच्या तोंडावर आपोआप मोकळी झालेली जागा. वैशाखभर शहराने त्यातले पाणी वापरायचे आणि आषाढात आभाळाने ते पुन्हा भरायचे, अशा क्रमात पुराला काही वाटा आपसूक मिळत होता. वापर आणि साठा यांची ही जोडी होती, म्हणून ती चालत होती. ती तुटली तेव्हा तळ्यांचे दिवस भरले.

तुटण्याचा क्षण नेमका सांगता येतो. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. १८५०च्या दशकात मुंबईने पाण्याचे इतके हाल सोसले होते की नळाचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. त्याबद्दल हळहळ करणारा माणूस त्या हालांकडे डोळेझाक करत असतो. पण नळ आला आणि तळ्याचा एकमेव मान्य उपयोग संपला. पाणी उपसले जाईना, म्हणून ते साचून राहू लागले, आणि साचले म्हणून नासले. शिवाय नळ आधी आला आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मागाहून, रेंगाळत. घराघरांत येणारे जास्तीचे पाणी बाहेर पडून जमिनीतच मुरत राहिले. ओलाव्याने त्रासलेल्या शहराला तळे हे उपायाऐवजी व्याधीसारखे दिसू लागले. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यापाठोपाठ १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराची जुनी दाट अंगे उघडी करण्याचे काम सुरू झाले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचा डासाशी असलेला संबंध सिद्ध केला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. शहरातला मलेरिया ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास पसरवतो आणि तो मुख्यतः विहिरींत वाढतो, असे त्यांनी दाखवले. विहिरी बुजवण्याचे किंवा झाकण्याचे आदेश निघू लागले. पारशी आणि हिंदू घरांत विहिरीला धार्मिक स्थान होते, त्यामुळे विरोध झाला, काही विहिरी जाळीखाली वाचल्या. चर्चगेटजवळची १७२५ची भिखा बेहराम विहीर अजून आहे. पण तळी एकामागून एक गेली. १९४२ मध्ये ‘भारत छोडो’चा ठराव झाला तेव्हा गोवालिया टँक हे मैदान होते.

बेंटली यांच्यावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. त्यांचा पुरावा भक्कम होता आणि मलेरियाने मरणारी माणसे खरी होती. माझा आक्षेप जमाखर्चावर आहे. तळे बुजवण्याच्या बाजूने रोग, दुर्गंधी, जमिनीची किंमत असे सगळे लिहिले गेले. दुसऱ्या रकान्यात फक्त ‘पिण्याचे पाणी’ होते, आणि नळ आल्यावर तो रकाना कोरा झाला. वादळी पावसाला भरती ओसरेपर्यंत थांबवून धरणे हे काम त्या रकान्यात कधी लिहिलेच गेले नव्हते. म्हणून ते गेल्याचेही कोणाला कळले नाही. पुढे रोगाचे कारण मागे पडले तरी भर घालण्याची सवय राहिली. मिठी नदीचे उदाहरण घ्या. विहार आणि पवई यांच्या सांडव्यातून निघून साधारण अठरा किलोमीटरांवर माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी. तिच्या मुखाशी तिवरांची आणि चिखलाची जी पाणथळ जागा होती, तिच्यावर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहू लागले. विमानतळापाशी नदीला काटकोनात वळावे लागले. या भरावांमागे मलेरियाचे कारण नव्हते, जमिनीचे होते, आणि जमाखर्चाची पद्धत मात्र १९११चीच होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. भरतीही होती. शहरात चारशेहून अधिक माणसे गेली. त्याच्या बारा वर्षे आधी, १९९३ मध्ये, पर्जन्यजल निचऱ्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ हा आराखडा तयार झाला होता. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, आणि तेही ओहोटी असेल तर, बांधलेल्या होत्या. आराखड्याने ती क्षमता ताशी ५० करायला सांगितली आणि भरतीतही पाणी बाहेर फेकणारी आठ उदंचन केंद्रे सुचवली. प्रलयानंतर कामाला गती आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे केंद्रे झाली. त्यांतला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उचलतो. या पंपांमुळे अनेक भाग पूर्वीपेक्षा लवकर मोकळे होतात, हे मान्य केले पाहिजे. पण पाणी आधी पंपापर्यंत पोहोचावे लागते, आणि वाहिनी भरली की ते पोहोचत नाही. म्हणून दादर-परळच्या हिंदमाता या सखल भागातल्या पाण्यासाठी पालिकेने अखेर दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या खोदल्या. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आल्या की पाणी टाकीत घ्यायचे, ओहोटी लागली की सोडायचे. माझ्या लेखी या टाक्या म्हणजे महानगराने दिलेली कबुली आहे: या शहराला पाणी थांबवण्याची जागा लागते. शंभर वर्षांपूर्वी जे बुजवले, तेच आता जमिनीखाली, काँक्रीटमध्ये आणि विजेच्या आधाराने परत बांधावे लागते आहे.

इथे कोणी विचारील की टाक्या झाल्याच आहेत, तर मग हिरवाईचा आग्रह कशासाठी? उत्तरासाठी थोडे गणित पाहावे लागेल. एक हेक्टर जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच लाख लिटर पाणी होते. एक हेक्टरचे मैदान चहूबाजूंच्या रस्त्यांपेक्षा एक मीटर खोल ठेवले, तर त्यात एक कोटी लिटर मावते. म्हणजे आसपासच्या ४० हेक्टर पक्क्या वस्तीवरचा २५ मिलिमीटर पाऊस, एक थेंबही मुरला नाही असे धरूनही, एका मैदानात थांबू शकतो. मुरण्याची अपेक्षा मी मुद्दाम धरलेली नाही. मुंबईत पावसाळ्यात भूजल वर येते, कितीतरी भागांत भराव आणि चिकणमाती आहे, आणि ‘इथे पाणी मुरतच नाही’ हा आक्षेप बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे. पण मुंबईला मुरवणे हे दुय्यम आहे, थांबवणे मुख्य. मैदान सहा तास ओले राहिले तरी पुरे. भूमिगत टाकीला पंप लागतो, गाळ काढायला यंत्रे लागतात, आणि वर्षाचे आठ महिने तिचा कोणाला उपयोग नसतो. खोलगट मैदानावर तेच आठ महिने मुले खेळतात. गाळ साचला तर दिसतो, म्हणून काढला जातो. झाडे वस्तीचा उन्हाळा कमी करतात. कायमचे पाणी असलेल्या तळ्याबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे: श्रावणात काठोकाठ भरलेले तळे पुराला काहीच देऊ शकत नाही. वांद्र्याचे तळे किंवा पवई यांचा पुरासाठी उपयोग करायचा, तर पावसाआधी पातळी उतरवून ठेवण्याची शिस्त हवी. पूर्वी ती शिस्त लोकांच्या घागरी पाळत होत्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ९४४ मिलिमीटरपुढे बागा काय करणार? चीनने गेल्या दशकात ‘स्पंज शहरां’चा कार्यक्रम हाती घेतला. त्यातल्याच झेंगझोऊवर २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेत माणसे बुडाली. हे उदाहरण झाकून हरित व्यवस्थेची वकिली करू नये. असा पाऊस कोणतीही बाग, कोणतीही वाहिनी, कोणताही पंप पूर्ण सामावून घेऊ शकत नाही. तिथे वेळेवर इशारा, लोकांना हलवणे आणि सखल भागात माणसे न वसवणे हेच उपाय. पण मुंबईची दरवर्षीची हानी २००५ सारख्या दिवसांची नसते. ती ताशी पन्नास-साठ मिलिमीटरच्या, भरतीशी गाठ पडलेल्या, दर पावसाळ्यात येणाऱ्या दिवसांची असते, आणि त्या दिवसांवर थांबण्याच्या जागेचा परिणाम सर्वांत जास्त. कोपनहेगनला २ जुलै २०११ रोजी ढगफुटीने झोडपल्यावर त्या शहराने जो आराखडा केला, त्यात एन्घावे नावाचे जुने उद्यान खोलगट करून, भोवती बुटकी भिंत घालून, सुमारे २२,००० घनमीटर पाणी मावेल असे केले. एरवी ते उद्यानच असते. अमेरिकेत फिलाडेल्फियाने २०११ मध्ये पंचवीस वर्षांचा हरित आराखडा स्वीकारला, तोही सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. प्रचंड भुयारी वाहिन्या खोदण्यापेक्षा तो स्वस्त पडत होता.

डासांचे काय, हा प्रश्न मुंबईकराने विचारलाच पाहिजे, कारण बेंटली यांचे उत्तर अजून खरे आहे. स्टीफेन्सी आजही इथे आहे, पण तो आता इमारतींवरच्या उघड्या टाक्यांत, बांधकामांवर साचलेल्या पाण्यात, टाकून दिलेल्या डब्यांत वाढतो. डेंग्यूचा डासही असाच स्वच्छ, साचलेले पाणी शोधतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर किंवा जास्त दिवस लागतात. नीट उतार दिलेले मैदान काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत कोरडे होते. कायम पाणी राहील तिथे गप्पी मासे सोडण्याचा उपाय पालिका कधीपासून वापरते आहे. धोका आहे तो अर्धवट कामात: मैदान खोल केले पण निचऱ्याचे तोंड कचऱ्याने बुजू दिले, तर तिथे डासांचे आगर होईल. म्हणजे डासांचा आक्षेप हा देखभालीचा आक्षेप आहे, आणि उघाडीच्या दारालाही देखभाल लागतच असे.

उरतो जमिनीचा भाव. एवढ्या महाग शहरात मोकळी, सखल जमीन राखणे परवडत नाही, असे म्हणतात. हे वाक्य तेव्हाच खरे ठरते, जेव्हा राखण्याचा खर्च जमिनीच्या मालकाच्या नावे लिहिला जातो आणि न राखण्याचा खर्च हिंदमाताच्या दुकानदाराच्या, कुर्ल्याच्या चाळीच्या, मिठीकाठच्या झोपडीच्या नावे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिवरांना जे संरक्षण दिले, त्यात हा दुसरा खर्च पहिल्यांदा गंभीरपणे धरला गेला, असे मी मानतो. उलट मिठागरांबाबत अजून जुनाच हिशेब चालू आहे. कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. घरे हवीत, गरिबांना तर आधी हवीत. पण पूर्व उपनगरांचे पाणी भरतीत ज्या जमिनीवर पसरते, तिच्यावरच ती बांधली, तर त्या घरांतल्या आणि त्यांच्या मागच्या वस्त्यांतल्या माणसांना पुढच्या पिढ्यांपर्यंत पाण्यात उभे करणे होईल.

जुन्या फ्लॅट्सचा सर्वांत मोठा मोकळा उरलेला तुकडा म्हणजे महालक्ष्मीचे रेसकोर्स. १८८०च्या दशकापासून तिथे घोडे धावत आहेत म्हणूनच ती जमीन इमारतींपासून वाचली. २०२४ मध्ये तिच्यातली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे ठरले. हाजी अली आणि लव्हग्रोव्ह ही दोन्ही उदंचन केंद्रे तिच्या जवळ आहेत. असे ठिकाण मुंबईला पुन्हा मिळणार नाही. त्या उद्यानाखाली बांधकाम करून वर हातभर माती पसरली, तर ती हिरवी गच्ची होईल, तिचा पावसाला उपयोग नाही. कारंजी किती, पायवाटा किती, झाडे कोणती हे प्रश्न जरूर चर्चेत यावेत, पण आराखडा पाहताना प्रत्येक मुंबईकराने पालिकेला आधी एक आकडा मागावा: भरती चढलेली असताना हे उद्यान आसपासच्या वस्तीचे किती कोटी लिटर पाणी, किती तास धरून ठेवणार आहे? तो आकडा आराखड्यात नसेल, तर आराखडा परत पाठवावा.